यादीबाहेरचं घर

“ही खूण कुणी केली माझ्या दारावर?”

दादासो जाधव आमच्या जीपला आडवे झाले होते. हातात ओलं फडकं, फडक्याला खडूची पांढरी भुकटी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसं त्यांनी ते फडकं बॉनेटवर आपटलं.

खूण मीच केली होती. सकाळी त्यांच्या घरातलं काम संपवून निघताना चौकटीवर खडूनं बरोबरची खूण केली आणि पुढच्या घरी गेले. आमच्यातली दुसरी जोडी चुकून त्याच घरात परत शिरू नये, एवढ्यासाठीच. हे कुणी शिकवलं नव्हतं, आमची आम्हीच पाडलेली सवय.

“काय झालं, आबा?” मी खाली उतरले.

“काय व्हायचं ऱ्हायलंय? हौसाक्कानं निरोप धाडलाय. लगीन मोडलं म्हनती. एडसवाल्यांनी पोरीचं रगत न्हेलं, दारावर शिक्का मारला, असली सून आमास्नी नको म्हनती.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लॅबचा डिप्लोमा होता, नोकरी नव्हती, म्हणून पुण्याच्या एका संस्थेच्या पाहणीत कामाला लागले. घरोघरी जायचं आणि एचआयव्हीबद्दल विचारायचं. हा आजार कशानं होतो, निरोध वापरता का, घरच्या माणसाखेरीज आणखी कुणाशी संबंध आला का, असले प्रश्न. ते विचारायला बाकीचे होते. माझं काम शेवटचं: बोट टोचायचं, रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे आणि कागदावर आकड्यांचं स्टिकर लावायचं. नाव कुठेच लिहायचं नाही. निकाल आम्हालाही कळत नसे आणि त्या माणसालाही नाही. ज्याला आपलं रक्त तपासून हवं असेल त्याला आम्ही विट्याच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यायचो. तिथे फुकट तपासणी व्हायची.

माळवेवाडीत दोनशेवर घरं, त्यातली तीसच आमच्या यादीत. चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी कुठलीही. हे आम्ही पहिल्याच दिवशी देवळासमोर उभं राहून सांगितलं होतं. पण गावाला आपली अक्कल असते. महिन्यापूर्वी काही माणसं येऊन सगळ्या घरांना नंबर टाकून गेली, आता ही दुसरी माणसं येतात आणि ठरावीक घरांतच शिरतात, रक्त घेतात, खूण करतात. मग ह्याचा अर्थ काय? दुपारपर्यंत अर्थ साऱ्या गावाला कळला होता. आम्हीच तेवढ्या अडाणी राहिलो होतो.

आमचे सुपरवायझर तांबोळी सर जीपमधून उतरले. शांत माणूस. त्यांनी दादासोंना सगळं पुन्हा समजावलं.

“मग कागद द्या की,” दादासो म्हणाले. “माझ्या जयमालाचं रगत चांगलं हाय असा कागद द्या. त्यो मी हौसाक्काच्या तोंडावर मारतो.”

“तसा कागद नसतो, आबा. आम्हालाच कळत नाही.”

“तुमास्नी कळत न्हाई, मग रगत घेताय कशापायी? दिवाळी करायला?” त्यांचा आवाज फाटला. “आठ दिसांवर लगीन आलंय. पोरगी सकाळपास्नं चुलीम्होरं बसलीया, जेवली बी न्हाई. आता ही मोडलेली पोर कोन करनार हाय?” मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, एक करा. हौसाक्काच्या बी घरला जावा. तिच्या पोराचं रगत घ्या, तिच्या दाराला बी तसलीच खूण करा. मग कुठल्या तोंडानं बोलती बघू.”

“ते घर यादीत नाही,” सर म्हणाले. “यादीबाहेर एक घर केलं तरी सगळी पाहणी बाद होईल.”

सर जीप घेऊन पलीकडच्या वस्तीवर गेले. मी आणखी दोन घरांसाठी गावातच राहिले. दादासो देवळाच्या कट्ट्यावर बसून ते फडकं पिळत होते. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

मला लहानपणापासून दुसऱ्याच्या भांडणात पडायची हौस. आई म्हणायची, पद्मजा विकतचं दुखणं घेऊन घरी येते. खूण माझी, चूक माझी, आणि भोगणार ती पोरगी, हे काही केल्या माझ्या गळी उतरेना. सकाळी तिचं बोट मीच धरलं होतं. टोचताना तिनं डोळे मिटले नव्हते, उलट रक्त कागदावर कसं पसरतं ते वाकून पाहत होती. “एवढुशा थेंबात सगळं कळतं?” असं विचारत होती.

मी पिशवी उचलली आणि ओढ्यापलीकडच्या देवकरांच्या घराकडे चालू लागले. एक कोरा फॉर्म भरायचा, एक बोट टोचायचं, खूण करायची आणि संध्याकाळी तो कागद फाडून टाकायचा. पाहणी बाद होणार नाही आणि लग्नही मोडणार नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

हौसाक्का दारातच गहू पाखडत होत्या. विधवा बाई, एकुलता मुलगा, आणि गावात दबदबा असा की सरपंचही वाट सोडून उभा राहायचा.

“आमच्यात काय काम काढलं?”

“मावशी, तुमचंही घर यादीत निघालंय.”

सूप थांबलं. “आमचं? आमी काय तसली मानसं हाय व्हय?”

“तसली-बिसली काही नसतं. सरपंचांच्या चुलत्याचं घर झालं, मास्तरांचं झालं, आता तुमचं. चिठ्ठीत निघेल ते घर.”

मास्तरांचं नाव ऐकून त्या जरा निवळल्या. तेवढ्यात हणमंत बाहेर आला. पंचविशी-सव्विशीचा, उंच, अंगानं जरा उतरलेला. तो सेलमला गलाईच्या धंद्यात होता. त्या भागातली निम्मी तरणी माणसं परमुलखात जाऊन सोन्या-चांदीची मोड आटवून शुद्ध करून द्यायचा हा धंदा करतात आणि लग्नकार्यापुरती गावी येतात. हणमंतही आपल्या लग्नासाठी आला होता.

“नगं,” तो म्हणाला.

“का रं? भितोस सुईला?” हौसाक्कांना आता उलटा चेव आला. “घ्या वो बाई. आमचं रगत सोन्यावानी हाय, साऱ्या गावानं बघू दे.”

बोलताना तिसरं माणूस ऐकण्याच्या अंतरावर नको, असा आमचा नियम. खोट्या फॉर्मला कसला नियम, पण सवयीनं मी हौसाक्कांना चहा टाकायला आत पाठवलं आणि हणमंतला परड्यातल्या शेवग्याखाली बसवलं. सवयीनंच संमतीचा कागद वाचला. रोज पंधरा वेळा वाचायचे, जीभ आपोआप चालायची.

“तुम्ही जे सांगाल ते, आणि तुमच्या रक्ताबद्दलचं काहीही, मी कुणालाही सांगणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. कळलं?”

“कुनाला म्हंजे कुनालाच न्हाई?”

“कुणालाच नाही. द्या हात.”

मी त्याचं बोट धरलं, कापसानं पुसलं आणि सुईचं टोपण काढलं. तशी त्यानं हात झटकन मागं घेतला.

“हातमोजं घाला.”

हातमोजे जीपमध्ये राहिले होते. घाईघाईत आले होते ना. मी हसून म्हणाले, “असू दे हो. मला सवय आहे.”

“घाला म्हनतोय न्हवं, ताई!”

हे तो ओरडून म्हणाला नाही. अगदी दबक्या आवाजात म्हणाला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता. मी सुईचं टोपण परत लावलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली. सेलमलाच तपासलं. माझ्यासंगं काम करनारा एकजन गेला, म्हनून भ्यालो आन् तपासलं. तवापास्नं कुनाला बोललो न्हाई. तुमी पयल्याच.”

“आणि लग्न करताय?”

“आईनं ठरवलं. तीनदा न्हाई म्हनलो. कारन इचारती, ते काय सांगू?”

“खरं सांगा.”

“खरं सांगितलं तर ह्या गावात तिच्या हातचं पानी कोन पिनार? बा मेल्यापास्नं एकटी ताठ मानंनं जगलीया ती.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “मी जयमालाला हात लावनार न्हाई, ताई. लगीन झालं की चौथ्या दिशी सेलमला जातो. तिकडंच ऱ्हातो.”

“आणि ती? ती काय करेल आयुष्यभर?”

त्यानं खाली पडलेली शेवग्याची वाळकी शेंग उचलली आणि मोडली.

“हणमंतराव, तुम्ही स्वतः सांगा. आजच सांगा.”

“तुमी शब्द दिलाय,” तो म्हणाला. “आत्ता दिलाय. कुनालाच न्हाई म्हनलाय.”

हौसाक्का चहा घेऊन येताना दिसल्या. मी पिशवीतून पट्टी काढली आणि त्याच्या न टोचलेल्या बोटाला गुंडाळली. हौसाक्कांनी ती पट्टी पाहिली, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “झालं का? आता बाई, खूण करा की दारावर. आमी काय लपवत न्हाई.”

मी खूण केली. 

“दादासोला सांगा म्हनावं,” त्या मागून म्हणाल्या, “ज्ये त्यांचं, त्येच आमचं. लगीन ठरल्यापरमान हुईल. उद्या सकाळी भावकीतली चार मानसं घिऊन येतो, बोलाचाली करून टाकू.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मोडत असलेलं लग्न मी स्वतःच्या हातानं जोडून दिलं होतं, आणि ते मोडायलाच हवं होतं हे आता जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. ओढ्याच्या वाळूत मी मध्येच थांबले. मी दिलेला शब्द खरा होता का? फॉर्म खोटा, घर यादीबाहेरचं, रक्त घेतलेलंच नाही. मग कागदावरून वाचलेलं ते वाक्य तेवढं खरं कसं? वकिली डोकं चालवून पाहिलं, पण त्या माणसानं माझे हात वाचवले होते हे डोळ्यांपुढून हलेना. तो गप्प बसला असता आणि मी टोचलं असतं तर मला काहीही कळलं नसतं.

दादासोंना निरोप सांगितला. त्यांनी माझे हात धरले, आत ओरडून साखर मागवली, माझ्या तळव्यावर बचकभर ओतली. मी ती खाल्ली. जयमाला मागच्या दारी हात धुवायला पाणी घेऊन आली. रडून डोळे सुजले होते, पण आता चेहरा उजळला होता. “तुमच्यामुळं झालं, ताई,” असं म्हणत ती पाणी घालू लागली.

मी पिशवीतून दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. एक तिची, एक त्याची. दोन वाक्यं बोलले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला आमची शेवटची दोन घरं उरली होती. मी दादासोंच्या अंगणाच्या कडेलाच उभी होते, पाय पुढे जात नव्हते. हौसाक्का भावकीतली चार माणसं घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या. हणमंत त्यांच्या मागे. मानपानाचं बोलणं सुरू होणार तेवढ्यात जयमाला बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात त्या चिठ्ठ्या.

“आबा, माझं एक म्हननं हाय.”

दादासोंच्या भुवया वर गेल्या. बोलाचालीत पोरीनं बोलायचं नसतं.

“काल माझ्यावर संशय घेतला. घेतला तर घेतला. आता ह्या दोन चिठ्ठ्या हायत. आज आमी दोघांनी विट्याच्या दवाखान्यात जायाचं, तपासायचं आन् कागद एकमेकाला दाखवायचं. मग हळद लावायची.”

“पोरीची जात आन् एवढी पायरी चढली?” हौसाक्का उठल्याच. “दादासो, ही पोर अशी बोलती आन् तुमी ऐकताय?”

दादासोंनी हात उगारला. “आत हो! घर बुडवतीस व्हय गं?” मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “ही तुमची शिकवन! ह्या चिठ्ठ्या तुमीच दिल्या न्हवं?”

“आबा, मारा,” जयमाला म्हणाली. “पर तपासल्याबगर मी बोहल्यावर उभी ऱ्हानार न्हाई.”

हणमंतनं माझ्याकडे पाहिलं. तो काय विचारत होता ते मला कळलं. मी मान खाली घातली.  तेवढ्यात जयमाला दोन पावलं पुढं गेली आणि एक चिठ्ठी तिनं त्याच्यापुढं धरली. चिडून नाही, एखाद्या पाहुण्याला पान द्यावं तशी.

“तुमच्यावर माझा राग न्हाई,” ती त्याला म्हणाली.

त्यानं चिठ्ठी घेतली. तिची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

“मला जायाची गरज न्हाई,” तो म्हणाला. “मी सेलमला तपासलंय. मला हाय.”

“काय हाय?” हौसाक्का म्हणाल्या.

“ज्याच्यासाटी तू ह्या पोरीला नको म्हनत हुतीस ना आई, ते मला हाय.”

शेजारी बसलेला चुलता सतरंजीवरून सरकला. दुसराही सरकला. हौसाक्का मात्र हलल्या नाहीत. “खोटं बोलतोय,” त्या सगळ्यांकडे बघून सांगू लागल्या. “लगीन नको हाय त्येला, म्हनून खोटं बोलतोय. काल बाईनं रगत घेतलंय. बाई, सांगा की तुमी!”

“त्यांनी घेतलं न्हाई,” हणमंत म्हणाला. “मीच घिऊ दिलं न्हाई. त्यास्नी कालच ठावं झालं हुतं. पर कुनाला सांगनार न्हाई म्हनल्या आन् तोंड उघडलं न्हाई. शब्द पाळला. आपल्यात कोन पाळतंय?”

हौसाक्का मटकन खाली बसल्या. जयमाला आत गेली, तांब्या-फुलपात्र घेऊन आली. पाणी आधी तिनं हणमंतच्या हातात दिलं, मग त्याच्या आईच्या. ज्या फुलपात्रातून तो प्यायला होता तेच विसळून ती स्वतः त्यातलं पाणी प्यायली. भावकीतली चार माणसं ते बघत राहिली.

मला वाटलं, संपलं. पण दादासो माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“तुमाला काल ठावं हुतं,” ते म्हणाले. “ठावं असून माझ्या दारात आला. साखर खाल्ली. आन् माझ्या पोरीला आगीत जाताना गप बघत ऱ्हायला? तुमच्या शब्दाम्होरं माझी पोर काय चीज न्हाई व्हय?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. त्यांच्या मागे जयमाला उभी होती. माझ्याकडे बघत होती. एका शब्दानं ती मला सोडवू शकत होती. तिनं तो शब्द उच्चारला नाही, आणि मीही नाही.

तांबोळी सरांना संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. यादीबाहेरचं घर केलं म्हणून माझं काम सुटलं. त्यांनी स्वतः मला एस.टी.त बसवलं आणि एवढंच म्हणाले, “घर चुकलीस. पण शब्द पाळलास, त्याचं मला बरं वाटलं.” मी खिडकीतून हात हलवला.

जयमालाचं वर्षाभरात कऱ्हाडकडे लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी ती मला एका लग्नात भेटली, बरोबर दोन पोरं. मी विषय काढण्याआधीच म्हणाली, “त्येला कवा सांगू नका हं, ताई. जगात एका मानसानं तरी शब्द पाळला, ह्याच्यावर त्यो उभा हाय.”

हणमंत खरंच उभा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, आईला शेवटपर्यंत त्यानंच सांभाळलं, आणि आता नव्यानं तपासून आलेल्या माणसांना धीर द्यायचं काम करतो. मी पुढे दुसऱ्या संस्थेत लागले, हळूहळू शिकवणारी झाले. पाहणीला निघणाऱ्या नव्या मुलामुलींचं प्रशिक्षण असलं की दर वेळी हणमंतला बोलावणं जातं. तो ही गोष्ट सांगतो, मग माझ्याकडे बोट करून म्हणतो, “ह्याच त्या ताई.” मुलं टाळ्या वाजवतात.

त्या दुपारी मागच्या दारी मी जयमालाला जी दोन वाक्यं बोलले ती अशी होती: “हणमंतला एचआयव्ही आहे. मी सांगितलं हे त्याला कधी कळू देऊ नकोस.”

गेल्या महिन्यात टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. अशीच चोवीस-पंचवीसची असेल.

“मॅडम, त्या मुलीचं आयुष्य जात होतं. तरी तुम्ही खरंच कुणालाच सांगितलं नाही?”

हणमंत माझ्याकडे बघत होता. आता केस पिकलेत त्याचे.

“कुणालाच नाही,” मी म्हणाले.